धरून ठेवण्याचा हक्क

नामदेवांच्या बालपणाची एक कथा वारकऱ्यांच्या तोंडी आहे. दामाशेटींनी पोराला कापडाचे गाठोडे देऊन बाजारात धाडले. पोराला घासाघीस जमेना, गिऱ्हाईक पटेना. रानातले धोंडे उन्हाथंडीत उघडे पडलेले पाहून त्याला त्यांची कीव आली आणि सगळे कापड त्याने त्यांनाच उधारीवर देऊन टाकले, वर व्यवहाराची रीत म्हणून त्यांतल्याच एका धोंड्याला जामीनही धरले. वायदा उलटला, धोंडे काही बोलेनात, तेव्हा त्याने जामीनदाराला उचलून घरी आणले आणि पैसे मिळेपर्यंत खोलीत कोंडून ठेवले. पुढे तो धोंडा सोन्याचा झाला, हा चमत्काराचा भाग सर्वांच्या ध्यानात राहतो. मला मात्र त्यानंतरचा, क्वचितच सांगितला जाणारा तुकडा अधिक मोलाचा वाटतो. सोन्याची वार्ता ऐकून रानाचा मालक येतो आणि धोंडा आपला असल्याचे सांगतो. नामदेव त्याची मालकी नाकारत नाही. माझ्या कापडाचे पैसे द्या आणि तुमचा धोंडा न्या, एवढेच त्याचे म्हणणे. मालक पैसे मोजतो, धोंडा नेतो, आणि त्याच्या घरी सोन्याचा पुन्हा धोंडा होतो.

मालकी एकाची, ताबा दुसऱ्याचा, आणि ताबा असलेल्याचे देणे चुकते होईपर्यंत मालकाने दाराबाहेर थांबायचे: कायद्याच्या पुस्तकांत ज्याला धारणाधिकार म्हणतात तो याहून स्वच्छ शब्दांत मांडलेला माझ्या वाचनात नाही. (जामीनदाराला कोंडणे हा गुन्हाच, असे एखादा वकील म्हणेल, पण धोंड्याच्या वतीने फिर्याद कोण देणार?) नामदेवांचे गाव म्हणून ओळखले जाणारे नर्सी हिंगोली जिल्ह्यातले, कयाधूच्या काठचे; हिंगोलीच्या हळद बाजाराचे आवारही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. ज्या आवारात दिवसभर उचल, आडत, पट्टी, तारण हेच शब्द कानावर पडतात त्याला धोंड्यांना उधार देणाऱ्या शिंप्याचे नाव असावे, यातला विनोद कोणी मुद्दाम घडवलेला नाही, आणि म्हणूनच तो मला पुनःपुन्हा विचारात पाडतो.

१८७२च्या भारतीय करार कायद्याचे १७०वे कलम या हक्काचे आपल्याकडचे घर. निजामाच्या राज्यातून बाहेर पडलेल्या मराठवाड्यात हा कायदा १९५१ साली आला, पण त्यातला न्याय त्याआधीही इथल्या सुताराला, लोहाराला, सोनाराला माहीत नव्हता असे कोण म्हणेल? दुसऱ्याची वस्तू हाती घेऊन तिच्यावर आपले श्रम किंवा कौशल्य खर्च करणाऱ्याने मोबदला मिळेपर्यंत ती अडवून ठेवावी, एवढेच ते कलम सांगते, आणि समजावण्यासाठी दोन उदाहरणे देते. पहिले जवाहिऱ्याचे, ज्याने कच्च्या हिऱ्याला पैलू पाडले आहेत. त्याला हिरा ठेवून घेता येतो. दुसरे शिंप्याचे. कापड घेऊन त्याने कोट शिवून दिला, पण शिवणीचे पैसे तीन महिन्यांनी दिलेत तरी चालतील असे तो आधीच कबूल करून बसला होता. म्हणून त्याला कोट अडवता येत नाही. मसुदा करणाऱ्यांनी या उदाहरणासाठी शिंपीच का निवडला असेल कोण जाणे. पण उधारीचा शब्द तोंडातून गेला की मूठ उघडली, हे कठोर सत्य सांगायला त्यांना नामदेवाच्या जातीचाच कारागीर सापडला.

हिंगोलीहून औंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत मी एका गॅरेजपाशी बराच वेळ बसलो होतो. पत्र्याच्या सावलीला एक ट्रॅक्टर उभा होता. इंजिन उघडून नवे लायनर, नवे पिस्टन बसवलेले, त्या भागावर ताज्या ग्रीसचा काळा तकतकीत थर. बाकी अंगावर मात्र धूळ साचलेली, मागच्या चाकांच्या खाचांतली काळी माती वाळून भेगाळलेली, बॅटरी काढून आत फळीवर ठेवलेली. मालक आला, ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली, मडगार्डावरून उगाच हात फिरवला.

“मिस्त्री, मिरग तोंडावर आलाय. असं करू नका.”

“मामा, मला काय हौस हाय का तुमचा ट्रॅक्टर ठेवायची? पार्टवाल्याचे पैसे म्या पदरचे दिलेत. बिल द्या, आत्ता चालू करून देतो.”

“बँकेचा हप्ता बी थकलाय.”

“बँकेचं बँक बघंल.”

ते शेवटचे वाक्य तो सहज बोलून गेला. पण त्या वाक्याखाली दोन हजार वर्षांचा वाद पसरलेला आहे. ट्रॅक्टर बँकेला नजरगहाण आहे. आरसी बुकावर बँकेचे नाव चढलेले आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्याने अशा नोंदीची सोय केली आहे आणि ती नोंद असेपर्यंत बँकेच्या संमतीवाचून ट्रॅक्टर दुसऱ्याच्या नावावर होत नाही. बँक आधी आली आहे, तिची रक्कम लाखांत आहे, तिच्याजवळ शिक्क्यांचे करारपत्र आहे. मिस्त्री नंतर आला, त्याचे देणे हजारांत, आणि त्याचा कागद म्हणजे तेलकट बोटांचे ठसे उमटलेले कच्चे बिल. तरीही उद्या बँकेचा वसुली अधिकारी ट्रॅक्टर न्यायला आला तर मिस्त्री त्यालाही तेच सांगेल जे मामाला सांगतो आहे, आणि बहुधा न्याय त्याच्या बाजूने उभा राहील. नंतर आलेल्याने आधी आलेल्याला ओलांडून पुढे जावे, हे कालक्रमावर विसंबणाऱ्या कायद्याला कसे रुचले असेल?

स्मृतिकार याज्ञवल्क्याला ते सहजासहजी रुचले नसते. त्याच्या व्यवहाराध्यायात गहाणाचा मुख्य विधी ताब्यात घेण्याचाच आहे; स्वीकारल्यावाचून आधि, म्हणजे गहाण, सिद्ध होत नाही. इतर वादांत नंतरची कृती बलवान, पण गहाण, दान आणि विक्री यांत मात्र आधीची बलवान, असा त्याचा निर्वाळा आहे, आणि त्यामागचे तर्कशास्त्र उघड आहे: जे एकदा देऊन झाले ते पुन्हा देता येत नाही. या स्मृतीवर विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली ती चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, मराठवाड्याच्या अगदी शिवेवर. या काळ्या मातीने त्या ग्रंथाचा शब्द पुढे कित्येक शतके प्रमाण मानला. पण विज्ञानेश्वराच्या काळचे गहाण बहुतेक धनकोच्या घरात असे; दागिना पेटीत, गाय गोठ्यात. वस्तू ऋणकोच्याच हाती राहावी, तिने नांगरावे, वाहावे, झिजावे, मोडावे, दुरुस्त व्हावे, आणि तरीही ती दूरच्या एका वहीत बांधलेली असावी, हा प्रकार वेगळा. त्यात एक फट आपोआप राहते, आणि मिस्त्री त्या फटीतून आत येतो.

ती फट रोमन विधिज्ञ उल्पियन याने फार पूर्वी हेरली होती. एक जहाज आधीच कोणाकडे तरी गहाण आहे. नंतर दुसऱ्याने त्याच जहाजाच्या डागडुजीसाठी पैसे दिले. तर काही वेळा हा नंतरचाच पुढे, असे तो म्हणतो, कारण त्याच्या पैशाने जहाज तरले आणि जहाज तरले म्हणून पहिल्याचेही गहाण तरले. खलाशांच्या अन्नासाठी दिलेले कर्जसुद्धा तो याच न्यायात बसवतो. उपाशी खलाशी जहाज बंदरात आणणार कसे? १८६१ साली इंग्लंडच्या न्यायालयात पुन्हा एक गहाण जहाज आले, पुन्हा एक दुरुस्ती करणारा, आणि न्यायाधीशांनी ठरवले की जहाज ऋणकोच्या हाती चालवायला ठेवणाऱ्या गहाणदाराने ते चालते राखण्याची मुभाही त्याला दिलेली असतेच. १९२८ साली लंडनच्या भाडेखरेदीच्या टॅक्सींना आणि १९६४ साली एका व्हॅनला तोच न्याय लागला. जहाजापासून टॅक्सीपर्यंत वस्तू लहान होत गेली, प्रश्न तेवढाच राहिला. अमेरिकेतल्या राज्यांनी स्वीकारलेल्या व्यापारी संहितेत तर ताब्यावर टिकून असलेल्या अशा हक्काला नोंदलेल्या तारणाच्या पुढची जागा स्पष्टच दिली आहे. आणि आपल्या बँकांना वसुलीचे धारदार हत्यार देणाऱ्या २००२च्या सरफेसी कायद्याने करार कायद्यातला धारणाधिकार आणि ताब्यातले गहाण हे दोन्ही आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. बँकेचं बँक बघंल, असे म्हणणाऱ्या मिस्त्रीला यातले काही ठाऊक नाही, आणि त्याला ते ठाऊक असण्याची गरजही नाही. कागद लागत नाही हेच तर या हक्काचे वैशिष्ट्य. लिहिता न येणाऱ्या कारागिराला जगाने दिलेले हे बहुधा एकमेव तारण.

पण हे तारण विचित्र आहे. बँकेचा हक्क झोपेतही टिकतो. मिस्त्रीचा हक्क त्याने हात सैल केल्याक्षणी संपतो. वस्तू एकदा स्वखुशीने दाराबाहेर गेली की देणे उरते, पकड उरत नाही. शिवाय धरून ठेवणे हे काही उपभोगणे नव्हे. याज्ञवल्क्याने गहाणाचे दोन प्रकार केले आहेत, एक वापरायचा, दुसरा नुसता राखायचा, आणि राखायची वस्तू ज्याने वापरली त्याचे व्याज बुडाले असे सांगितले आहे. आपल्या कलमातल्या बहुतेक वस्तू राखायच्याच वर्गातल्या. मिस्त्रीला तो ट्रॅक्टर भाड्याने फिरवता येत नाही, विकता येत नाही, त्याने जागा अडवली म्हणून वेगळे भाडेही सहसा मागता येत नाही. आपल्याला निरुपयोगी असलेली, दुसऱ्याला नितांत हवी असलेली वस्तू निगुतीने सांभाळत बसणे, उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून लक्ष ठेवणे आणि वाट पाहणे, एवढेच त्याच्या हक्काचे स्वरूप. ज्याला आपण अडवणूक म्हणतो तिच्या पोटात केवढी राखण असते! आणि दोघांचेही नुकसान होत असते, हेच तिचे बळ. मृग बरसला की मामाची एक एक घटका मोलाची होते, आणि मिस्त्रीच्या पत्र्याखालची जागाही.

हळदीकडे पाहिले की हाच प्रश्न उलट्या बाजूने दिसतो. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण मानांकनाच्या फार आधीपासून नऊ-नऊ महिने जमिनीत राहणारे हे पीक या जिल्ह्याच्या संसाराचा कणा आहे. काढणी झाली की कुकरवाले येतात, शेतातच वाफेवर हळद शिजवतात, ती दोन आठवडे उन्हात वाळते, मग ढोलात घालून पॉलिश होते, आणि मळकट कंदाचे पिवळेधमक हळकुंड बनते. जवाहिऱ्याने हिऱ्याला पैलू पाडावेत तितकेच हे काम वस्तूचे रूप पालटणारे आहे. पण कुकरवाला शेतकऱ्याच्या रानात येऊन काम करतो. हळद एक क्षणही त्याच्या ताब्यात नसते. काम झाले की तो आपले यंत्र घेऊन पुढच्या शेतात जातो आणि मागे फक्त वहीतला आकडा उरतो. मिस्त्री आणि कुकरवाला, दोघांचे श्रम वस्तूत मुरलेले. एकाच्या दारात वस्तू आली, दुसरा वस्तूच्या दारात गेला, एवढ्या फरकाने एकाला हक्क मिळाला आणि दुसऱ्याला नुसता भरवसा.

तीच हळद मग गोदामात जाते. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१पासून चालू आहे. भाव पडलेला असताना माल विकावा लागू नये म्हणून बाजार समितीच्या गोदामात तो ठेवायचा, किमतीच्या पाऊण हिश्शापर्यंत कर्ज घ्यायचे, सहा टक्के व्याजाने, सहा महिन्यांसाठी. इथे शेतकरी स्वतःच आपली वस्तू दुसऱ्याच्या हाती देतो आणि त्या बदल्यात काळ विकत घेतो. खासगी नोंदणीकृत गोदामात ठेवली तर २००७च्या गोदाम कायद्याप्रमाणे पावती हातोहात फिरते, बँकेकडे गहाण पडते, आणि गोदामवाल्याचा भाड्यापुरता हक्क मात्र पोत्यांच्या थप्पीला चिकटून राहतो. पावती कितीही दूर गेली तरी हळद काढायची तर गोदामाच्या दारातूनच काढावी लागणार, आणि दाराशी भाडे मागणारा उभा असणार. कागदाला पाय असतात, पोत्यांना नसतात.

इथवर मी मिस्त्रीच्या बाजूने बोलत आलो आणि वाचकालाही वाटू लागले असेल की कायदा श्रमाला मान देतो म्हणून ताब्याला मान देतो. मलाही असेच वाटत राहावे अशी इच्छा आहे. पण साखरेच्या गोदामापाशी हा समज टिकत नाही. वसमतला पूर्णा सहकारी साखर कारखाना आहे, मराठवाड्यात असे कितीतरी आहेत. साखर पोत्यांत भरली की ती बँकेकडे गहाण पडते, गोदामाला बँकेचे कुलूप लागते आणि त्या उचलीवर पुढचा हंगाम चालतो, ही पद्धत सगळ्यांची. कर्नाटकातल्या सिरुगुप्पाच्या एका साखर कंपनीत असेच कुलूप होते. ऊस उत्पादकांचे पैसे थकले, कामगारांचे पगार थकले, आणि साखर कोणाची हा वाद २००७ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने सांगितले की बँकेचा गहाणाचा हक्क आधी, उसाची थकबाकी आणि पगार नंतर. बिहारच्या एका साखर गोदामाबद्दल १९७१ साली दिलेल्या निकालाचाच हा धागा होता: गहाणदाराच्या ताब्यातला माल सरकारने उचलून नेला तरी त्याचा हक्क विरघळत नाही.

निकाल तर्काला धरून आहे, आणि तरीही तो वाचताना मन अडखळते. ज्यांनी ऊस वाढवला, ज्यांनी रात्रपाळीत रस उकळला, त्यांचे श्रम त्या साखरेत मिस्त्रीच्या श्रमाहून कमी होते काय? पण कामगार मालकाच्या आवारात, मालकाच्या यंत्रावर काम करतो. त्याच्या हातून गेलेले प्रत्येक पोते क्षणार्धात मालकाचे होते. त्याला धरून ठेवायला काही उरतच नाही. आणि बँकेने साखरेचा एक दाणा केला नाही, पण किल्ली तिच्या खिशात होती. म्हणजे कायदा श्रमाकडे पाहतच नव्हता की काय? उल्पियनच्या जहाजात पाहत होता, हिऱ्यात पाहत होता. गोदामात त्याला फक्त कुलूप दिसले. कंपनी बुडाली तर कामगारांना तारणदार धनकोंच्या बरोबरीने बसवण्याची दुरुस्ती १९८५ साली झाली आणि २०१६च्या दिवाळखोरी संहितेने अवसायनात चोवीस महिन्यांच्या पगाराला तारणदारांच्या रांगेत जागा दिली, हे खरे. पण ती जागा मिळायला आधी सगळे बुडावे लागते.

या हक्काला मर्यादा आहेत आणि त्या जिथे आखल्या गेल्या तिथे कायद्याची मानवी बाजू मला अधिक स्पष्ट दिसते. वकिलाने फीपोटी पक्षकाराची फाईल अडवून ठेवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ठरवले. कागदपत्रे म्हणजे विकता येणारा माल नव्हे, आणि पक्षकाराला न्याय मागण्यासाठी ती हवी असतात. त्याच न्यायाने फीसाठी मुलांचे मूळ दाखले अडवणाऱ्या संस्था आणि बिलासाठी मृतदेह न सोडणारी रुग्णालये यांच्या पायाखाली काहीही आधार उरत नाही, तरी ती पकड दिसत राहते, कारण ती कलमातून आलेली नसून समोरच्याच्या अगतिकतेतून आलेली असते.

आणि सर्वांत जुने तारण तर माणूस स्वतः. प्राचीन रोममध्ये ऋणकोचे शरीर धनकोच्या बेडीत जाई. आपल्या स्मृतींतही ऋण फेडण्यासाठी दास झालेल्यांचा स्वतंत्र वर्ग आहे. भारतात १९७६च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असे कर्जच रद्द ठरवले, म्हणजे धरून ठेवण्यासारख्या वस्तूंच्या यादीतून माणसाचे नाव कायमचे खोडले. पण मराठवाड्यातल्या वाड्यातांड्यांवर दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या मुकादमाची उचल अजून वाटली जाते, जोडप्याला मिळून, एका कोयत्याच्या हिशेबाने. हंगामात ती फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षाच्या वहीत चढते, आणि ज्याची बाकी चढली तो पुढच्या वर्षी दुसऱ्या मुकादमाकडे जाऊ शकत नाही, गेला तर त्याला माणसे पाठवून परत आणले जाते. ही बाकी कोणत्याही निबंधकाकडे नोंदलेली नसते, कोणत्याही न्यायालयात ती टिकणार नाही, आणि कारखान्याची साखर ज्या बँकेच्या कुलपात आहे तिच्या ताळेबंदातही तिला रकाना नाही. तरी टोळीतला प्रत्येक जण ती तोंडपाठ सांगतो, बायकोच्या आजारपणात घेतलेले वरचे दोन हजार धरून.